खालच्या थरातला माणूस

आमच्या घाटकोपरच्या चाळीत ताकद कोणात किती, याचा निकाल वर्षातून एकदाच लागायचा, गोविंदाच्या दिवशी. आणि तो दरवर्षी एकच असायचा: शेजारच्या खोलीतले काका. मूळचे मालवणकडचे, बोलणं कमी, खांदे दाराएवढे. गिरणी बंद पडल्यावर ते साकीनाक्याच्या एका कारखान्यात लोखंड उचलायचे. खालच्या थरात मधली जागा त्यांचीच. त्यांच्या खांद्यावर उभं राहायचा मान त्या वर्षी मला मिळाला होता, आणि आठवडाभर मी नुसता फुगलो होतो. सगळ्यात वर चढणार होता माझा धाकटा भाऊ.

काकांनी मात्र एक घोळ घालून ठेवला. अष्टमीचा उपास सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी सोडतात. हे म्हणाले, आपली हंडी फुटल्याशिवाय पाणीसुद्धा घेणार नाही. चाळीने वाहवा केली. काकूंनी पुढे केलेल्या आंबोळ्या तशाच झाकून ठेवाव्या लागल्या. "हट्टी रेडो!" त्या माझ्या आईला म्हणाल्या.

आमची पाळी भर दुपारी आली. ऊन तापलेलं, गॅलऱ्यांतून पाण्याच्या बादल्या, आणि समोरच्या चाळीतली पोरं आम्ही कधी पडतोय याची वाट बघत उभी. थर लागले. भाऊ माझ्या पाठीवरून वर गेला. त्याचा गुडघा मानेत रुतला तो अजून आठवतो. तेवढ्यात माझ्या तळव्याखालचा खांदा थरथरला.

आधी मला वाटलं, माझेच पाय कापताहेत. खांदा पुन्हा हलला आणि खालून आवाज आला. खालच्या थराने बोलायचं नसतं, मान खाली घालून उभं राहायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

"पोराक खाली घेवा. माका चक्कर येता."

"काका, हात पोचतोय त्याचा! थोडं धरा ना!" त्यांच्या बाजूचा गडी ओरडला.

"धरतंय. तुमी उतरा."

वरून भाऊ किंचाळला, "मी नाही उतरणार! बोटं लागली!"

काका कोसळले तर सगळ्यात उंचावरून तो पडणार होता, आणि खाली डांबरी रस्ता. मी जीव खाऊन ओरडलो, "उतर रे गाढवा! उतर!"

समोरचे खिदळायला लागले. "वाट लागली रे! पैलवान बसला!" एकेक थर उतरायला जन्म गेला. भाऊ रडत माझ्या अंगावरून घसरला. शेवटी मी रस्त्यावर पाय टेकला आणि काका मटकन खालीच बसले. ओठ चावून चावून त्यांच्या हनुवटीवर रक्त आलं होतं.

थोड्याच वेळात समोरच्यांनी हंडी फोडली. काकू गर्दीतून वाट काढत पेजेचा टोप घेऊन आल्या. काकांचे हात इतके कापत होते की वाटी काकूंनाच त्यांच्या तोंडाला लावावी लागली. सगळी चाळ बघत होती. मला त्यांची लाज वाटली. त्यांनी तोंड लपवलं नाही, पेज पिऊन संपवली.

"तुमच्यामुळे गेली हंडी," भाऊ हुंदके देत म्हणाला.

काकांनी तोंड पुसलं. "हंडी फुडल्या वर्षी परत बांधतले. तुका परत खयसून आणू?"

भाऊ पाय आपटत निघून गेला. मी तिथेच, सगळ्या चाळीसमोर, काकांच्या शेजारी बसलो.