साबणाने धुतलेला स्पंज

दाएंग सिक्की इंडोनेशियातल्या मकास्सरच्या बंदरावर क्रेन चालवायचे. निवृत्त झाले आणि ओसरीवर खाऱ्या पाण्याची टाकी मांडून बसले. त्यात नारिंगी माशांची एक जोडी. सकाळची कॉफी त्यांच्याशी गप्पा मारत प्यायची आणि बायको तेनेच्या कारभारात नाक खुपसायचं नाही, असा त्यांचा सुखी माणसाचा दिनक्रम. टाकीला समुद्राचं पाणी मी द्यायचो. माझी होडी आहे, मी शेजारीच राहतो.

ईदच्या तोंडावर टाकीतलं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरं झालं. मासे वर येऊन धापा टाकू लागले.

"लाऊ, बंदरातलंच घाण पाणी भरून आणलंस ना? आळशी मेला!" दाएंग कुंपणावरून ओरडले.

"माझ्या टाकीतही तेच पाणी आहे. येऊन बघा, तळ दिसतोय."

"तुझ्या दारात पाय ठेवणार नाही मी!"

मला राग आला, आणि वाईटही वाटलं. त्यांनी दुसऱ्याकडून पाणी आणलं, वाळू धुतली, काच घासली. टाकी आणखीच गढूळ झाली.

ईदला मात्र शेजाऱ्याचा उंबरा टाळता येत नाही, म्हणून मी गेलो. ईदला एकमेकांचा हात धरून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, ही आमच्याकडची रीत. नमाजाहून परतलेल्या नवऱ्याचा हात तेनेने धरला.

"जाणता-अजाणता काही चुकलं असेल, तर माफ करा."

"केलं, केलं," दाएंग सवयीने म्हणाले.

"आणि सणाची साफसफाई करताना टाकीतला पाणी गाळायचा तो काळाकुट्ट स्पंज साबणाने धुतला. तेसुद्धा."

दाएंगनी आ वासला. पण दिलेली माफी परत कशी घेणार? मला हसू आवरेना, हातातल्या ताटलीतला सणाचा भात सांडला.

"वहिनी, पाणी निवळवणारे सूक्ष्म जीव त्या काळ्या स्पंजातच राहतात हो! साबणाने मेले ते."

मी घरी जाऊन माझ्या टाकीतला मळका स्पंज आणला, त्यांच्या टाकीत बसवला. "खाणं चिमूटभर, हवेचा पंप चालू, आणि वहिनींचा हात लांब," एवढंच बजावलं.

पुढच्या आठवड्यात पाणी निवळलं. जोडी जिवंत होती. दाएंग माझ्या दारात आले. वयाने थोरले, तरी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"लाऊ, जाणता-अजाणता..." ते अडखळले. "अजाणता कसलं! आळशी म्हणालो ते जाणूनबुजून म्हणालो. माफ कर."

"केलं," मी म्हणालो. "आत या, कॉफी टाकतो."