स्मारकापुढचे वाफे

नव्वदच्या दशकात आमची तोफखान्याची रेजिमेंट देवळाली कॅम्पात होती. पहाटे साडेपाचला पीटी, आठला गन ड्रिल, चारनंतर बागकाम. इन्स्पेक्शनला बागेचेही गुण असतात म्हटलं की सिव्हिलियन लोक हसतात.

फौजेत बाग एका दिवसात उगवते. फुललेल्या कुंड्या आणायच्या, काठापर्यंत मातीत गाडायच्या आणि जनरलसाहेबांची पाठ वळली की उपसायच्या. आमच्या नाईक दशरथला ही लबाडी मान्य नव्हती. तो नाशिकजवळच्या फुलं पिकवणाऱ्या घरचा. आमच्या बॅटरीच्या, म्हणजे तोफांच्या तुकडीच्या, स्मारकापुढे त्याने दिवाळीच्या सुमारास बी टाकलं. फेब्रुवारीत फ्लॉक्स, पॅन्झी, पिटुनिया, डॉग फ्लॉवर यांनी वाफे भरून गेले. स्मारकावर एकच नाव होतं, गनर बबन. काश्मीरमध्ये आमच्याच तोफेवर लढताना तो गेला. दशरथने बबनच्या आईला नांदगावला पत्र टाकलं होतं, रविवारी या आणि बबनची बाग बघा.

शुक्रवारी चौदाशे वाजता, म्हणजे दुपारी दोनला, सुभेदारसाहेबांनी मला बोलावलं. शनिवारी जनरलसाहेब मेसच्या लॉनवर येणार, तिथे एक फूल नाही, स्मारकापुढची रोपं हलवा. मी बबनच्या आईचं सांगितलं.

"कल शाम तक सब वापस. मेरी जबान है।"

मी हवालदार. विश्वास ठेवला आणि तोच शब्द पुढे दशरथला दिला. फुलावर आलेलं रोप हलवलं की मान टाकतं, एवढंच तो म्हणाला. मग दुसऱ्या कुणाला हात लावू न देता त्याने एकेक रोप मातीच्या गड्ड्यासकट स्वतः काढलं.

इन्स्पेक्शन झालं, शाबासकी मिळाली. संध्याकाळी रोपं आणायला गेलो तर लॉनवर पार्टीच्या खुर्च्या मांडलेल्या. सुभेदारसाहेब म्हणाले, सोमवारी न्या. मी रविवारची आठवण दिली.

"कौनसा इतवार?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने बबनच्या आई आल्या. वाफ्यांत नुसते खड्डे होते. दशरथ काही बोलायच्या आत मीच तोंड उघडलं आणि रोग पडून झाडं गेली असं ठोकून दिलं.

आई वाकल्या. कुदळीने कापलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"रोगानं गेलेलं झाड जागीच वाळतं, बाबा. हे कुनी खनून नेलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बबन कसा गेला ते तुमीच लिवलं व्हतं ना? तेबी आसंच का?"

मी लिहिलेल्या त्या पत्रातला शब्द न् शब्द खरा होता. छातीत शत्रूच्या गोळ्याचा तुकडा घुसलेला असताना बबनने हातातला गोळा तोफेत भरला आणि मगच तो पडला. मी शेजारी होतो. पण ते पुन्हा सांगायला माझी जीभ उचलली नाही. उचलली असती, तरी त्या माउलीने ते का मानावं?