तीन मिनिटांची ओळख

शाळेत नोकरी केली की किस्से जमवावे लागत नाहीत. कपाटात जुन्या उत्तरपत्रिका साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि एक काढायला गेलं की चार अंगावर पडतात. परवा एका लग्नात जुने सहकारी भेटले. म्हणाले, सांगा की ते ओळखीचे किस्से! मी सांगितले, लोक हसले. शेवटचा मात्र मी गिळला. तो आज सांगतो. पण आधीचे ऐकल्याशिवाय तो कळायचा नाही, तेव्हा जरा दम धरा.

आमची शाळा बेंबळीची. मी गणित शिकवायचो आणि धाराशिवातून रोज अप-डाऊन करायचो. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणायचे. उंची जेमतेम पाच फूट! त्यांचा एक अजब नियम होता. नवा माणूस रुजू झाला की पहिल्या मीटिंगमध्ये त्यानं ओळख करून द्यायची, पण नाव, गाव, डिग्री यातलं काहीच सांगायचं नाही.

"ते सगळं सर्व्हिस बुकात आहे. राजकारण, समाज आणि देव, या तिन्हीबद्दल तुमचं मत काय ते बोला. तीन मिनिटं."

एकदा मी विचारलं, हे खूळ कशासाठी? तर म्हणाले, आपल्याकडं माणूस भेटला की आडनाव विचारतात, मग मूळ गाव विचारतात, मग तिथं तुम्ही कुणाच्यातले म्हणून विचारतात. तीन प्रश्नांत माणूस संपतो. आपण चौथ्यापासून सुरू करू.

माझी ओळख मी नवा शर्ट घालून, लई जोशात करून दिली होती. राजकारण मला कळत नाही. देव मानतो, पण मधले एजंट मानत नाही. आणि जातपात तर मी अजिबात मानत नाही! टाळ्या पडल्या. मोठे सर तेवढे टाळ्या वाजवत नव्हते.

"शेवटचं वाक्य जरा हळू बोलत जा सर," ते म्हणाले. "फार मोठ्यानं बोललं की ते केल्यासारखंच वाटतं."

मला राग आला होता. तरुण होतो.

*

नियम शिपायालासुद्धा होता. आमचा शिवप्पा मामा उमरग्याकडचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलायचा. नाव-गाव सांगायचं नाही म्हटल्यावर तो घाबरलाच. मला कुठनं आली मतं, मी चौथी पास, म्हणून दाराकडं सरकायला लागला. मोठ्या सरांनी त्याला खुर्चीवर बसवलं. मामानं टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला:

"राजकारण म्हणाल तर, जो येईल त्याला खुर्ची पुसून देतो. समाज म्हणाल तर, घंटा सगळ्यास्नी एकच वाजवतो. आन् देव म्हणाल तर, तुमी रजा दिली तर जातो."

पूर्ण मिनिटसुद्धा लागलं नाही. मोठे सर म्हणाले, एवढी चांगली ओळख या शाळेत अजून कुणी करून दिली नव्हती. मी तिथंच बसलेलो होतो, हे त्यांना दिसत होतं.

*

चित्रकलेच्या सरांची ओळख गाजली होती. मी पक्का नास्तिक, देव ही कल्पना आहे आणि कल्पना काढायचा तर माझा धंदाच आहे, असं ते म्हणाले होते. आणि हे गृहस्थ दर मंगळवारी तुळजापुरात! आम्ही त्यांना पकडलं. तर म्हणे, आईला दर्शन लागतं, बहीण तिला आत नेते, मी बाहेर चपला सांभाळतो. नास्तिक आहे म्हणून तर बाहेर उभा आहे. आम्ही त्यांची वर्षभर टर उडवली.

पुढं त्यांची आई गेली. सहा-सात महिन्यांनी मी कामासाठी तुळजापूरला गेलो होतो, मंगळवारच होता. पायऱ्यांजवळ हे उभे! मी म्हटलं, सर, आता कुणाच्या चपला सांभाळताय?

"तिच्याच," ते म्हणाले. "पिशवीत घालून घेऊन येतो."

चला चहा घेऊ म्हणालो. त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्याबरोबर आले.

*

सुनीता मॅडम हिंदी शिकवायच्या. स्टाफमध्ये बाई एकटीच. त्यांची पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "उद्या घरी विचारून सांगते."

काय हसलो आम्ही! नंतर ती म्हणच पडून गेली. ट्रिपची वर्गणी मागितली की कुणीतरी म्हणायचं, उद्या घरी विचारून सांगतो. मॅडमही हसायच्या. तो उद्या काही उगवला नाही, आणि मोठ्या सरांनीही त्यांना परत कधी छेडलं नाही.

अकरा वर्षांनी त्यांचे मिस्टर वारले. दीड महिन्यानं त्या कामावर आल्या. मीटिंग संपत आली होती, विषय होता सहामाहीच्या वेळापत्रकाचा. मॅडम उभ्या राहिल्या.

"सर, माझी ओळख राहिली होती. आता घरी विचारायला कुणी नाही."

मग त्या बोलल्या. मत त्यांनी आयुष्यात एकदाही स्वतःच्या मनानं दिलं नव्हतं, इथपासून सुरू केलं. तीन मिनिटांची वीस झाली. पुढच्या तासाची वेळ झाली तरी मामानं घंटा दिली नाही. आम्ही त्या म्हणीवर इतकी वर्षं हसलो होतो, आणि त्या वेळी कुणी मान वर करायला तयार नव्हतं.

*

आता गायकवाड सर.

ते इतिहासाला आले. आमच्याकडं गायकवाड हे आडनाव चार जातींत सापडतं, पहिलं नाव संतोष, ते तर कुणाचंही असतं. आणि मोठ्या सरांच्या शाळेत मूळ गाव विचारायची सोय नाही! मीटिंगला आठ दिवस होते. तोवर स्टाफरूमची नुसती तगमग. त्यांचा डबा बघून झाला, गळ्यात काही आहे का बघून झालं, मोबाइलची रिंगटोन ऐकून झाली. कंपनीची साधी रिंगटोन. लोक हैराण!

मीटिंगमध्ये गायकवाड उभे राहिले. म्हणाले, मत मी देतो, कुणाला देतो ते बायकोलाही सांगत नाही. मी बौद्ध आहे. सकाळी वंदना म्हणतो, दुसऱ्यानं म्हणावी असा माझा आग्रह नसतो.

"आणि समाजाबद्दल एवढंच, की तुम्ही सगळे आठ दिवस फार दमलाय. आता निवांत चहा घ्या."

मोठे सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसलो. त्याच दिवशी आम्ही दोघांनी डबे एकत्र उघडले, आणि पुढं तेच चालू राहिलं. माझ्या आईची शेंगदाण्याची चटणी त्यांना फार आवडायची.

*

गायकवाडांची बायको धाराशिवात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, म्हणून त्यांना तिथंच खोली हवी होती. मिळत नव्हती. फोनवर खोली असायची, आडनावावरही असायची, मग समोरासमोर बोलणं झालं की ती कुणाच्या तरी भाच्याला दिलेली असायची. आणि माझ्या घराची वरची खोली रिकामी होती. मीच एकदा डबा खाताना बोलून गेलो होतो.

त्यांनी विचारलं. फार अवघडत विचारलं. म्हणाले, मला घाई नाही सर, पण वडील रोज सकाळी फोन करतात, खोली मिळाली का म्हणून. त्यांचे वडील तरुणपणी शिकायला शहरात आले होते. तीन महिने हिंडले, कुणी खोली दिली नाही, शेवटी शिक्षण सोडून गावी परत गेले आणि जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबले. आता पोराचंही तसंच होतंय का, या काळजीनं म्हातारा झोपत नव्हता.

मी म्हटलं, दोन दिवसांत सांगतो.

दोन दिवस मी गल्लीचा विचार केला. शेजारच्यांचा केला, भावकीचा केला. बहिणीच्या सासरचे येतील तेव्हा काय म्हणतील, याचाही केला. तिसऱ्या दिवशी सांगितलं, आई म्हणते वर धान्याची पोती ठेवायचीत. जुनी माणसं, तुम्हाला माहीतच आहे.

"असू द्या सर," गायकवाड म्हणाले. "आईंना त्रास नको."

खरी गोष्ट ही, की मी आईला विचारलंच नव्हतं.

त्यांनी रेल्वे स्टेशनच्या पलीकडं पत्र्याची खोली घेतली. मार्च लागला की ती तव्यासारखी तापायची. म्हणून ते शाळा सुटल्यावरही सहापर्यंत स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसायचे. डबा आम्ही एकत्रच खात होतो. त्या माणसानं खोलीचा विषय पुन्हा कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

*

वर्षभरानं एकदा आईनंच विचारलं. तुझ्या डब्यातली चटणी खाणारे ते मास्तर खोली बघत हुते म्हणत हुतास, त्यांचं काय झालं? त्यांची जात तिला माहीत होती, मीच बोललो होतो. मी म्हटलं, मिळाली त्यांना दुसरीकडं.

"आपली वरची काय वाईट हुती?" आई म्हणाली. "त्यांची बायको नर्स हाय म्हणतोस. माझं बीपी तरी बघितलं असतं."

मी उठून बाहेर गेलो. काही काम नव्हतं, उगंच गाडी पुसत बसलो.

पुढच्या वर्षी आई गेली. बीपीचंच झालं, दुपारी, घरात कुणी नसताना. सगळा स्टाफ भेटायला आला. सगळे आत बसले आणि गायकवाड फाटकापाशी उभे. मी बाहेर गेलो, दंड धरला, आत चला म्हणालो.

"नको सर. आईंना आवडलं नसतं. त्यांच्या घरात त्यांचं मन राखू."

त्या वेळी सांगायचं होतं. सगळं ओठावर आलं होतं. पण आत भावकी बसलेली, समोर तो भला माणूस हात जोडून उभा, आणि आई तर आता सांगायलाही नव्हती की हा खोटं बोलतोय. मी गप्प बसलो. आई मेल्यावरही मी तिला बदनाम ठेवलं. मोठ्यानं जातपात मानत नाही म्हणणारा तो मीच.

*

गेल्या वर्षी गायकवाडांनी धाराशिवात स्वतःचं घर बांधलं. गृहप्रवेशाला आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. वंदना झाली, जेवणं झाली. गायकवाड मला आतल्या खोलीत घेऊन गेले. पलंगावर त्यांचे वडील बसले होते. पांढरं धोतर, गुडघ्यांना पट्टे, डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं.

"बाबा, हे आमचे सर, गणिताचे..."

"वळख कशाला करून देतो?" म्हातारा म्हणाला. "धाराशिवाचं सर ना? मला म्हाईत हायेत."

त्यांनी चाचपून माझा हात धरला आणि सोडलाच नाही. मला वाटलं, डब्याचं सांगितलं असेल. म्हणालो, तुमच्या पोराबरोबर मी बारा वर्षं जेवतोय.

"जेवणाचं न्हाय वं. तुमी खोली दिली माझ्या लेकराला."

मी गायकवाडांकडं पाहिलं. ते पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते.

म्हातारा बोलतच होता. म्या रोज इचारायचो, खोली मिळाली का, खोली मिळाली का. एक दिस सांगितलं यानं, बाबा, मिळाली, आमच्या सरांच्या घरात, वरची. त्या राती म्या झोपलो. मला जल्मात कुणी दिली न्हाय, पर माझ्या पोराला बोलावून दिली. साऱ्या गावाला सांगितलं म्या. यायचं हुतं बघाया, पर गुडघ्यानं येऊ दिलं न्हाय. चार वर्षं ऱ्हायली दोघं तुमच्यात.

गायकवाडांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. विनंती होती.

म्हाताऱ्यानं माझा हात कपाळाला लावला.

"सर, खरं सांगा. पोरांनी तुमाला काई तरास तर न्हाय ना दिला?"

"नाही बाबा," मी म्हणालो. "वरनं कधी आवाजसुद्धा आला नाही."