आधी चूळ भरा, मग बोला

आमच्या कोपरगावात दातांचे डॉक्टर पुष्कळ झाले. पण पेशंटच्या तोंडात कापसाचे बोळे कोंबून झाल्यावर ‘अमेरिकेनं आयात कर वाढवला, तर त्यात तिची काही चूक आहे असं तुम्हाला वाटतं का?’ असं विचारणारे डॉक्टर एकच. तोंड आ वासलेलं, डोळ्यांवर दिवा, एका कोपऱ्यात थुंकी ओढणारी नळी गुरगुरतेय. आपण ‘आं... आं...’ करायचं आणि डॉक्टरांनी ‘बरोबर, मलाही तसंच वाटतं’ म्हणून कामाला लागायचं. जगातल्या बहुतेक मोठ्या प्रश्नांवर माझं आणि त्यांचं अशा रीतीनं एकमत झालेलं आहे.

त्यांना नावानं कुणी ओळखत नसे. ‘बोलके डॉक्टर’ म्हटलं की रिक्षावाला बसस्टँडमागच्या त्या जिन्याशी आणून सोडायचा. खाली चपलांचं दुकान, वर दवाखाना. आतल्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता. त्यामुळे बाहेर बाकावर गाल धरून बसलेल्यांना आतलं सगळं ऐकू जायचं, आणि खुर्चीतल्या माणसाला देता न आलेलं उत्तर बाकावरचा कुणीतरी देऊन टाकायचा. एकदा आत डॉक्टर दाढ उपटत होते आणि बाहेर साखर करावी का इथेनॉल, यावरून दोन ऊसवाल्यांची अशी जुंपली, की डॉक्टरांनी पक्कड हातात घेऊनच पडदा सारला. पक्कड बघून दोघंही गप्प झाले. रोज्यांच्या महिन्यात दुपारनंतर डॉक्टरांचा आवाज कोरडा पडायचा, बोलणं मात्र तेवढंच राहायचं.

मी पहिल्यांदा गेलो तो ठणकणारी दाढ घेऊन. काय करता, असं त्यांनी विचारलं. खतांचं दुकान आहे म्हणालो, तर ते एकदम खूश झाले. “मग तुम्ही तर जगाचे व्यापारी, शेठ. कुठल्या तरी समुद्रात जहाजं अडकतात आणि इथं तुमच्या दुकानात गोणी महागते. शिव्या कुणाला बसतात?” तोंडात आरसा असल्यामुळे मी नुसतं स्वतःकडे बोट दाखवलं. “मग त्या शिव्या देणाऱ्याला समुद्र समजावून सांगायचं काम कुणाचं?” मी पुन्हा स्वतःकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकावर डाफरायचं सोडून त्याला लढाई कुठं चाललीय, गॅस कुठून येतो, हे सांगू लागलो. गोणी काही स्वस्त झाली नाही, पण गिऱ्हाईक भांडून जायच्या ऐवजी चहा पिऊन जाऊ लागलं. हे मी त्यांच्याकडून फुकट शिकलो. दाढेचे पैसे त्यांनी वेगळे घेतले.

त्यांच्या खुर्चीचा एक कायदा होता. काम चालू असताना डॉक्टर एखाद्या प्रश्नाची एक बाजू मांडत, आणि नेमकी ती आपल्याला न पटणारी असे. मग दिवा बाजूला सारून ते म्हणत, “चूळ भरा.” चूळ भरून झाली की आपल्याला एक वाक्य बोलायची मुभा. फक्त एकच. तोंडात पाणी असतानाच बोलायला गेलं की ते थांबवत. “आधी चूळ भरा, मग बोला. टीव्हीवर बोलता बोलताच थुंकतात, आपल्याकडं ती पद्धत नाही.”

एका दुष्काळी वर्षी वरच्या धरणांतलं पाणी खाली मराठवाड्याकडे सोडायचं ठरलं आणि आमचा सगळा तालुका पेटला. रास्ता रोको झाला, दुकानं बंद झाली. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला खुर्चीत पाडून मराठवाड्याची बाजू ऐकवली. ते मूळचे मराठवाड्याच्या शिवेवरच्या खर्ड्याचे. “माझी आई घागर घेऊन ज्या वाटेनं जायची ना शेठ, त्या वाटेवर सावलीला एक झाड नव्हतं,” ते दाढ कोरत म्हणाले. “खालच्या माणसालाही तहान लागते, एवढं कबूल करा, मग वाट्टेल तेवढे भांडा.” बाहेर बाकावर सगळे गोदाकाठचे बागायतदार. एरवी मी उसळून उठलो असतो, पण तोंडात कापूस होता. चूळ भरताना मला म्हणायचं होतं की आमचा ऊस जळतोय. तोंडातून निघालं ते वेगळंच. मी विचारलं, “तुमच्या आई आहेत का अजून?” डॉक्टर हसले. “हे वाक्य बरं होतं,” म्हणाले.

असं का करता, हे मी एकदा त्यांना विचारलं. ते हात धूत होते. “माणसाला बोलता येत नाही ना, तेव्हाच तो ऐकतो. एरवी तो फक्त आपली पाळी यायची वाट बघत असतो. माझ्या जातभाईंच्या नावानं बोटं मोडणारेसुद्धा याच खुर्चीत बसतात. तोंड उघडल्यावर सगळ्यांच्या किडलेल्या दाढा सारख्याच दिसतात, शेठ.” हे सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. नॅपकिन खुंटीला अडकवून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता खरं सांगायचं ते सांगतो. राज्यातले पक्ष फुटले तशी आमच्या घरातही फूट पडली. माझा थोरला भाऊ, दादा, आमच्या वस्तीवर शेती बघतो. मी गावात दुकान बघतो. तो एका गटाचा झाला, मी दुसऱ्या. आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमेकांना बोचकारे काढून झाले, मग बहिणीच्या वास्तुशांतीला भर पंगतीत वाजलं. ज्या नेत्यांसाठी आम्ही भांडलो, त्यांतल्या एकालाही आमची नावं माहीत नव्हती. पण बोलणं बंद झालं ते झालंच. भाऊबीजेला दादा सकाळी जायचा, मी संध्याकाळी. आई दादाकडे वस्तीवर. गुरुवारी माझं दुकान बंद असतं, तेव्हा मी तिला भेटून यायचो. नशिबानं दादाची मोटारसायकल कधी अंगणात नसायची, त्यामुळे समोरासमोर यायची वेळ आली नाही. आई मात्र थकत चालली होती. तिला दोन्ही लेकरं एका वेळी दिसत नव्हती आणि ती त्याबद्दल एक शब्द काढत नव्हती.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरांनी ते माझ्या हातावरून ओळखलं. निवडणुकीचा विषय निघाला की मी खुर्चीचा हात आवळून धरायचो. “एवढा राग पक्षाचा नसतो,” ते म्हणाले. “घरातलं कोण आहे?” चूळ भरून मी माझं एक वाक्य वापरलं, “थोरला भाऊ.” त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला.

पुढं काही महिन्यांनी त्यांचा फोन आला : दाढेवर बसवलेली टोपी तपासायची आहे, उद्या सकाळी या. मी गेलो, पडदा सारला, तर खुर्चीत दादा. त्याची अक्कलदाढ नुकतीच काढलेली, दातांखाली कापूस दाबलेला, गाल सुजलेला. तो उठायला लागला तसा डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “रक्त थांबेपर्यंत अर्धा तास तोंड उघडायचं नाही, पाटील.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बोला शेठ. तुम्हाला याहून चांगला श्रोता मिळायचा नाही.”

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. रात्रंदिवस मनात घोळवलेले मुद्दे होते. कोण फुटलं, कुणी कुणाचा विश्वासघात केला, सगळं तोंडपाठ. ते मी धडाधड बोलून टाकलं आणि माझं मलाच नवल वाटलं, ते इतक्या लवकर संपलं. दादा नुसता बघत होता. कुणी अडवलंच नाही, तर भांडणार तरी कुणाशी? मग उरलं होतं ते बाहेर आलं. “आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मला शेजाऱ्याकडून कळलं. मला एक फोन करता आला नाही तुला?” दादानं मान खाली घातली.

डॉक्टरांनी त्याच्या तोंडातला कापूस काढला आणि मला खुर्चीत घेतलं. दात साफ करायचे होते म्हणे. आता माझं तोंड उघडं, नळी गुरगुरतेय, आणि दादा बधिर जिभेनं अडखळत बोलतोय.

“बापू, मला तुझ्यासारखं बोलता येत न्हाई. ऑपरेशनचा फोन लावला हुता, तुझं नाव बघितलं आन् कापला. माझीच चूक झाली ती.” मग थोडा थांबला. “गुरवारी तू येतो, म्हनून मी गुरवारी मुद्दाम गाडी घेऊन भाईर जातो. मी दिसलो तर तू दारातून माघारी जाशील. आई सकाळपास्नं तुझी वाट बघत बसल्याली असती.”

मी ते नशीब समजत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तोंडात यंत्र होतं, मला ‘दादा’सुद्धा म्हणता येईना. डॉक्टरांनी दिवा बंद केला. “चूळ भरा,” म्हणाले, आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसले.

आमची मतं त्यानंतरही बदलली नाहीत. दादा अजून त्याच गटाचा आणि मी माझ्या. पण गुरुवारी दादाची मोटारसायकल अंगणात असायची. पुढं डॉक्टरांचा हात थरथरायला लागला, तशी त्यांनी खुर्ची विकली आणि ते लेकीकडे राहायला गेले. रविवारी त्यांचा फोन यायचा. यंत्रांनाच अक्कल यायला लागली, आता माणसांनी काय करायचं, इथपासून कांद्याच्या निर्यातीपर्यंत सगळं विचारायचे. माझ्याशी बोलून झालं की म्हणायचे, “आता पाटलांना फोन लावतो, दुसरी बाजू ऐकायची आहे.”

गेल्या हिवाळ्यात आईनं अंथरूण धरलं. शेवटचे दिवस आम्ही दोघंही वस्तीवरच होतो. एका दुपारी तिच्या खाटेच्या या बाजूला मी, त्या बाजूला दादा, आणि कारखान्याच्या निवडणुकीवरून आमचं चाललेलं. आवाज चढले. आईला त्रास नको म्हणून दोघंही एकदम थांबलो. तशी तिनं डोळे न उघडताच विचारलं, “का थांबला रं? बोला की. मदी लई दिस घर गप हुतं.” मग आम्ही बोलत राहिलो. ऐकता ऐकता तिला झोप लागली. त्याच आठवड्यात ती गेली.

मी डॉक्टरांना फोन करून कळवलं. त्यांचीही तब्येत उतरली होती आणि उन्हाळ्याच्या आत तेही गेले. तो आमचा शेवटचा फोन. त्या दिवशी त्यांनी ना राज्याचं काही काढलं, ना जगाचं. फक्त हळू आवाजात विचारलं, “दोघंही जवळ होतात का?”

“हो,” मी म्हणालो. “दोघंही.”