इंजिनाची घोडी

बा तापीवर नाव चालवायचा. दोन्ही काठच्या लोकांना वर्षभर पार न्यायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन ज्वारी घ्यायची, अशी आमच्या घराची जुनी रीत. साठ सालच्या पुढेमागे त्याचा उजवा खांदा धरला, तो काही केल्या सुटेना. शेकून झालं, तेल चोळून झालं. वल्हं मारताना तो ओठ चावायचा. पण 'जरा हात लाव' असं त्यानं आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं. काठचे केळीवाले, कापूसवाले शेतकरी वाईट नव्हते. पण चांगल्या माणसालाही वेळेत पलीकडे पोचायचं असतंच की. दिवाळीनंतर दुसरा नावाडी बघू, असं त्यांनी मला सांगितलं. बाला सांगायची हिंमत त्यांना झाली नाही आणि मलाही झाली नाही.

मी तेव्हा नंदुरबारला बैलगाड्या बनवायचो. नदीची मोजणी करायला आलेल्या साहेबांचं नावेमागे टांगायचं जुनं इंजिन भंगारात निघालं होतं. ओळखीच्या मेकॅनिकनं ते खटपट करून चालू केलं आणि मला दिलं. अडचण एवढीच, की आमची नाव दोन्ही टोकांना निमुळती. इंजिन टांगायला मागे सपाट जागाच नव्हती. मेकॅनिक म्हणाला, ब्रॅकेट लागेल. आमच्याकडे असल्या आधाराला घोडी म्हणतात. म्हटलं, गाडी करतो, मग घोडी किती अवघड! सुतारानं असली बढाई मारू नये.

तो सगळा पावसाळा मी सुट्टीच्या दिवशी सायकल मारत गावी जायचो. काळ्या मातीचा चिखल चाकात बसायचा, तो काडीनं काढायचा आणि पुन्हा पुढे. बाभळीची जाड फळी घेतली, गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कापून तिच्या पट्ट्या केल्या, आरपार बोल्ट मारले. अंग इतकं आंबायचं की आईनं वाढलेली भाकरी हातातच राहायची.

बा काठावर बसून बघायचा.

"हाई नाव शे, गाडं नही," तो म्हणाला.

"माले समजस, बा."

मला समजत नव्हतं. गाडीचं माप रिकाम्या गाडीवर घेतात, तसंच मी वाळूवर ओढलेल्या रिकाम्या नावेचं घेतलं. पहिल्या दिवशी झाडून सगळे उतारू इंजिन बघायला मागच्या टोकाला जमले. बा ओरडत होता, "मांगे नका येवू रे, पुढे सरका!" कोण ऐकतो! नाव उलाळ झाली, मागचं टोक खाली बसलं आणि इंजिनात पाणी शिरलं. मी घोडी चार बोटं वर घेतली. मग रिकाम्या खेपेला पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता किंचाळू लागला. मला रडू यायचं बाकी होतं. ती घोडी उचलून तापीत फेकावी असं खरोखर वाटलं.

शेवटी बानंच तोड सांगितली. फळीला तीन खाचा पाड, भार बघून इंजिन खालीवर करता येईल, मध्ये पाचर ठोकायची. "हात गया मन्हा, अक्कल नही गयी," तो म्हणाला आणि बऱ्याच दिवसांनी हसला. दिवाळीच्या आठवड्यात मेकॅनिकनं दोरी ओढून इंजिन चालू केलं, मी पाचर ठोकली, बानं इंजिन वळवायचा दांडा धरला आणि भरलेली नाव पार गेली. लोकांनी इंजिनाला हार घातला. दुसरा नावाडी बघायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो.

सकाळी मेकॅनिक निघून गेला होता. मलाही कामावर जायचं होतं, पण बाची पहिली खेप बघून निघू म्हणून सायकल धरून काठावर थांबलो. उतारू बसले. बानं इंजिनाची दोरी डाव्या हातानं ओढली. ती वीतभर आली आणि थांबली. मग त्यानं उजवा हात लावला. हिसका दिला आणि खांदा धरून तसाच खाली बसला.

नावेचं, पाण्याचं, भाराचं सगळं माप मी तीन तीनदा घेतलं होतं. इंजिन सुरू करायला खांदा लागतो, हे त्या चार महिन्यांत माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं. इतके दिवस दोरी मी नाहीतर मेकॅनिक ओढत होतो.

बा उठला. माझ्याकडे त्यानं बघितलंच नाही. शेजारी केळीचा घड घेऊन बसलेल्या माणसाला तो हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, जराशी दोरी वढ ना."