बाईंची सकाळची फेरी

काल बँकेत नवी संगणकप्रणाली सुरू होत होती. गोंधळातही तरुण मॅनेजरबाई प्रत्येक टेबलापाशी थांबत होत्या. त्यांना पाहून मला आमच्या जाधवबाई आठवल्या.

पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही मुली बोर्डावर बसून परगावचे ट्रंक कॉल जोडायचो. जाधवबाई आमच्या सुपरवायझर. रोज सकाळी त्या प्रत्येकीच्या खुर्चीमागे येऊन घरची विचारपूस करत. ड्यूटीचा तक्ता मात्र स्वतःच ठरवत, त्यात कुणाचं काही चालत नसे.

एक दिवस आदेश आला की आमचा बोर्ड बंद होणार आणि सगळ्यांनी संगणक शिकायचा. तरीही बाईंनी नेहमीसारखा पुढच्या महिन्याचा तक्ता लावला आणि कुणालाच प्रशिक्षणाला सोडलं नाही. "मग कॉल कोण घेणार?" एवढंच त्या म्हणत. आमचा आठवडा वाया गेला.

मग एका सकाळच्या फेरीत माझ्या शेजारच्या खुर्चीवरची शालिनी त्यांना रडताना दिसली. "बाई, बोर्ड गेल्यावर आम्ही बसायचं कुठे?" तिने विचारलं.

"मलाही माहीत नाही गं," बाई म्हणाल्या आणि तिच्याशेजारी बसल्या. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

तक्त्याच्या सवयीने त्यांना आठवडाभर अडवलं, आणि फेरीच्या सवयीनेच शालिनीपर्यंत नेलं. माणसाच्या सवयी अशा एकमेकींत गुंतलेल्या असतात.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तक्ता आमच्या हाती दिला; तो आम्हीच ठरवला आणि आळीपाळीने शिकायला गेलो. पहिल्या तुकडीत माझ्यासोबत बाई होत्या. एका बोटाने अक्षरं शोधत त्या माझ्याकडे वळल्या आणि लाजून म्हणाल्या, "अगं, तू हे कसं केलंस? मला दाखव ना."