सासूबाईंच्या नावाची पिशवी

एवढी बोलघेवडी बाई मी – वर्गात बोलते, स्टाफरूममध्ये बोलते, परक्याच्या लग्नातही माईक हातात आला तर सोडत नाही. पण ही एक गोष्ट आजवर कुणापुढे काढलेली नाही. नवऱ्यापुढे तर नाहीच. आता तुमच्यापुढे काढतेय म्हणजे मी रडेन, पदर डोळ्यांना लावेन, असं वाटत असेल तर आत्ताच सांगते – तसलं काही होणार नाही.

वर्ध्यातल्या पुष्कळ घरांत स्वयंपाकघराच्या दारामागे एक पिशवी टांगलेली असते. जाड मांजरपाटाची, लाल अक्षरांची. वर एका म्हातारीचा फोटो, डोक्यावर पदर, नजर सरळ. खाली छापलंय, ‘कै. गिरजाबाई यांच्या स्मृतीस. प्लास्टिक नको, कापडी पिशवी वापरा.’ त्या माझ्या सासूबाई. त्यांच्या तेरवीला आलेल्या प्रत्येकाला स्टीलच्या वाटीऐवजी ही पिशवी दिली. कल्पना माझी. कधी भाजीबाजारात ती पिशवी समोरून येते, आत फुलकोबी असते, सासूबाईंचा एक गाल फुगलेला असतो, आणि पिशवीवाली थांबून म्हणते, “मॅडम, काय विचारांच्या होत्या हो तुमच्या सासूबाई.” मी हो म्हणते. दरवेळी म्हणते. एकीने तर विचारलं होतं, यात अंडी आणली तर चालतात ना, म्हणून. मी म्हटलं, चालतात.

विचारांच्या होत्या? होत्या ना. पण कोणत्या, ते कुणी विचारत नाही.

सासूबाईंचा प्लास्टिकच्या पिशवीवर जीव होता. दुकानातून आलेली पिशवी त्या धुवायच्या, दोरीवर माझ्या साड्यांशेजारी चिमटा लावून वाळवायच्या, चौकोनी घडी घालून गादीखाली ठेवायच्या. फुलवाती एका पिशवीत, गव्हाचे वाळवलेले सरगुंडे दुसऱ्या पिशवीत, गावाला न्यायचं लुगडं तिसऱ्या पिशवीत. कपड्यांच्या दुकानाची जाड, चकचकीत पिशवी आली तर ती त्या वापरायच्याच नाहीत, नुसती राखून ठेवायच्या. मी चिडायचे. पाहुणे यायचे आणि दोरीवर पिशव्या फडफडत असायच्या, त्याची मला लाज वाटायची.

एकदा मी त्यांना विचारलं होतं की एवढं काय आहे त्या पिशवीत. त्या म्हणाल्या, “तुले नाई समजाचं. आमी जुन्या धोतराची थैली घेऊन बाजारात जाओ, त दुकानदार दुरूनच वळखे, हे उधारीवाले आले म्हनून. या पन्नीवर दुकानाचं नाव असते. हातात धरली का मानूस गिऱ्हाईक दिसते.”

समजलं होतं मला. तेव्हाच समजलं होतं. मी मूर्ख नाही. पण शाळेत पर्यावरण मंडळ माझ्याकडे होतं, आणि सरकारने पिशव्या बंद केल्यावर तर मी फारच जोरात होते. परिपाठाला भाषण, पोरांकडून घोषणा, जुन्या चादरींच्या पिशव्या शिवायचं शिबिर. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या की बदल आपल्या घरापासून सुरू करणाऱ्या बाई म्हणजे या. आमच्या घरी दोरीवर काय वाळत असे ते त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगायला गेले नाही. तुम्ही गेला असता?

मग त्या दुकानात फुकट पिशव्या बंद झाल्या. दुकान म्हणजे ते मोठं, थंड हवेचं, आपण वस्तू उचलून टोपलीत टाकायच्या असं. आमच्याकडे सगळे त्याला मॉल म्हणतात. पहिले काही दिवस काउंटरवर नुसता गोंधळ. सरकारी पगार घेणारी माणसं पिशवीसाठी भांडली. एकाने सामान तिथेच ठेवलं आणि तोंडाचा पट्टा सोडून निघून गेला. एक बाई डोक्यावरची ओढणी काढून तिच्यात बटाटे बांधत होती, आणि बाकीचे तिचा फोटो काढत होते. कागदी पिशवी घेतलेला माणूस दारापर्यंत पोचेस्तोवर पिशवी फाटायची, तांदळाच्या पुडीवर पाय पडायचा. मला ते बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? मी माझी शिवलेली पिशवी घेऊन ऐटीत त्यांच्यामधून चालत जायचे.

सासूबाईंना मी घरी सांगितलं होतं की आता पिशवी मिळणार नाही. त्या म्हणाल्या, “सामान घेतल्यावर पन्नी देतेच. फुकट थोडीच मागून राह्यली मी.” विषय संपला. त्यांच्या मते मी शाळेतलं घरात आणत होते.

त्या दिवशी शनिवार होता, शाळा सकाळची. मोठ्या मॅडम म्हणाल्या, चला, मला थोडं सामान घ्यायचंय, मग तुम्हाला घरी सोडते. आम्ही दोघी मॉलमध्ये गेलो. टोपली भरून रांगेत उभ्या राहिलो आणि पलीकडच्या रांगेतून आवाज आला.

“काऊन वो बाई? तुमच्याच दुकानातून घेतलं ना सामान? मंग नेऊ कशात?”

मी मान वळवण्याआधीच ओळखलं. सासूबाई. एकट्या आल्या होत्या, ऑटो करून. समोर चहापत्ती, साबण, साखर, आणि माझ्या मुलाला आवडतात ती बिस्किटं. काउंटरवरची पोरगी चांगली होती, ती बिचारी समजावत होती. “आजी, पिशवी बंद झाली आता. घरून आनत जा, नाई त ही विकतची घ्या.” सासूबाई म्हणाल्या, “साखर बी विकत, आन साखर नेयाची पन्नी बी विकत? उद्या दारातून बाहेर निंघाचे बी पैसे घेसान.” मागचे हसले. कुणीतरी म्हणालं, बरोबर बोलते म्हातारी. कुणीतरी म्हणालं, आजी, बाजूला व्हा, घाई आहे. त्या बाजूला होईनात. हक्काने उभ्या राहिल्या, कंबरेवर हात ठेवून.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते, आणि गप्प बसल्याचं पाप मी तुमच्यापुढे आणलंही नसतं. गप्प तर काय, जग बसतं. बघा, मी अजूनही फिरून फिरून तिथेच येतेय. पुढचं बोलायला जीभ रेटत नाही म्हणून नाही – पुढचं नीट, जसं झालं तसं सांगायचंय म्हणून.

दुकानाचा मॅनेजर आला. त्याने मोठ्याने विचारलं, “या आजींसोबत कोणी आहे का?” सासूबाई वळल्या. त्यांना मी दिसले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला – आपलं माणूस दिसलं की होतो तसा. त्यांनी हात अर्धा वर केला. मोठ्या मॅडमनी तो हात पाहिला. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुमच्या ओळखीच्या आहेत का?”

मी म्हणाले, “नाही. मी नाही ओळखत.”

हळू नाही म्हणाले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा माझा आवाज आहे. तो त्या रांगेपर्यंत गेला.

सासूबाईंनी वर केलेला हात खाली घेतला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मॅनेजरला म्हणाल्या, “नाई बाबू, कोनी नाई. मी एकटीच आली.” मग सगळं सामान त्यांनी पदरात घेतलं आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून, हळूहळू, पायऱ्या उतरून गेल्या. साबण दारात पडला, तो वाकून उचलता येईना, तसाच राहिला. मोठ्या मॅडम म्हणाल्या की या लोकांना सवय लागायला वेळ लागेल. मी म्हटलं, हो ना. माझ्या खांद्याला दोन रिकाम्या कापडी पिशव्या होत्या.

मला काय वाटलं, विचारता? सुटल्यासारखं वाटलं. धरणी दुभंगली नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. लाज वाटली ती पुढे, ती अजून वाटते, पण त्या क्षणाला मी सुटले होते आणि सासूबाईंनी मला सोडवलं होतं. हे गोड करून सांगणं मला जमणार नाही.

घरी गेले तेव्हा त्या ओट्याशी उभ्या होत्या. चहा ठेवला होता, माझाही.  त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं नाही, शोभाला सांगितलं नाही. शोभा माझी नणंद, त्यांची एकुलती एक लेक, आंजी गावाला दिलेली. दर आठवड्याला मायलेकींचा फोन चालायचा. मी दाराआड उभी राहून ऐकायचे की आता निघेल, आता निघेल. कधी निघालं नाही. भांडल्या असत्या तर मी दोन हात केले असते. भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण त्यांनी मला तेवढीही जागा दिली नाही.

एक मात्र झालं. गादीखालच्या सगळ्या पिशव्या त्यांनी काढून कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. दोरीवर पुन्हा पिशवी दिसली नाही. मॉलमध्ये त्या पुन्हा गेल्या नाहीत, मी चला म्हटलं तरी म्हणायच्या, “तूच जाय.” नवरा खूश झाला. म्हणाला, तुझं भाषण आईपर्यंत पोचलं बुवा. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

आणि त्या गेल्यावर तेरवीला काय द्यायचं हे ठरत असताना मीच म्हणाले की पिशव्या देऊ, आईंनी स्वतःहून प्लास्टिक सोडलं होतं, त्यांची तशी इच्छा होती. सगळ्यांना पटलं. घरादाराने पाहिलंच होतं की पिशव्या गेल्या. का गेल्या, ते दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक आता बोलणार नव्हती. कुठल्या तरी स्थानिक पेपरात चार ओळी आल्या. मोठ्या मॅडम मुद्दाम घरी आल्या, फोटोपुढे उभ्या राहून म्हणाल्या, “यांना एकदा भेटायला हवं होतं.” त्यांनी ओळखलं नाही. मी पाहत होते त्यांच्याकडे. खरंच ओळखलं नाही.

शोभाने मात्र पिशवी उलटीपालटी केली आणि विचारलं, “वहिनी, माय खरंच असं म्हने? मले त कधी बोलली नाई.” मी म्हटलं, “शेवटी शेवटी म्हणायच्या. माझ्याजवळ.” तिने माझ्या गळ्यात हात टाकले. “तुमी मायचं नाव केलं वहिनी,” म्हणाली, आणि रडली. मी तिची पाठ थोपटत राहिले. खोटं बोलणं सोपं असतं. त्यावर कुणी रडायला लागलं की हात कुठे ठेवायचा ते कळत नाही.

मी तिशीतली पोर नव्हते. घाबरवलं नव्हतं कुणी. मोठ्या मॅडमनी फार तर भुवई उंचावली असती. तुम्ही मला समजून घेऊ नका, त्याची मला गरज नाही. आणि पिशव्या परत मागवायलाही मी जाणार नाही. कापड चांगलं आहे, वापरा.

हे शोभा वाचणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून तिलाच सांगते. शोभा, आई तसं कधीच म्हणाल्या नाहीत. कापडी पिशवीशी त्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. त्यांनी पिशव्या फेकल्या, कारण भर दुकानात त्यांनी माझ्याकडे पाहून हात वर केला होता, आणि मी त्यांना ओळखत नाही म्हणाले होते.